भिंतीतली जुनी केबलची वायर आणि माडीवरचं इंटरनेट

इअरफोन लावून ऐकत असाल तर उत्तमच. आणि एसटीत रेंज येते-जाते म्हणून हा लिखित भाग उघडला असेल, तरी काही बिघडत नाही. बोललो ते सगळं इथं आहे, मधले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ तेवढे गाळलेत.

आजचा विषय तुमच्याच व्हॉइस मेसेजमधून आलाय. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सगळीकडून प्रश्न साधारण एकाच धाटणीचा. घरात फायबर आलं. त्याचा डबा खालच्या बैठकीत, टीव्हीच्या बाजूला बसवला. खाली स्पीड झकास. पण अभ्यासाची खोली माडीवर, आणि तिथं मॉक टेस्ट अर्ध्यात आली की स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत बसतं. टायमर मात्र थांबत नाही. एकाने विचारलं, “भाऊ, माझ्या खोलीच्या भिंतीतून टीव्हीची जुनी काळी वायर बाहेर आलीय. तिच्यातून नेट वर आणता येईल का?”

उत्तर आहे, हो, येतं. त्याची पक्की पद्धत आहे आणि अमेरिकेत ती अनेक वर्षं वापरात आहे. पण आपल्या भागात तिला एक मोठी अट आहे. ती अट माहीत नसताना ऑनलाइन डबे मागवले, तर काही हजार रुपये टेबलावर पडून राहतील. म्हणून आज घाई न करता, एकेक गोष्ट बघू.

वायफाय माडीवर का पोचत नाही

वायफाय म्हणजे रेडिओ लहरी. तुमच्या राउटरवर बहुतेक दोन पट्टे असतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचवाला वेगवान, पण भिंत आली की लवकर दमतो. २.४ वाला लांब जातो, पण त्याचा वेग कमी, आणि शेजारपाजारचे सगळे राउटर त्याच पट्ट्यात गर्दी करून बसलेले.

आता आपली घरं बघा. जुनं माळवदाचं घर असेल तर दगडमातीच्या जाडजूड भिंती. नवं बांधकाम असेल तर मधे सळईचं जाळं असलेला स्लॅब. दोन्ही ठिकाणी लहरींची ताकद मधेच संपते. तुमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा असो की ३०० चा, स्लॅबला त्याचं काही घेणं-देणं नाही.

यावर खरा उपाय एकच. वायफायला भिंत ओलांडायला लावायची नाही. तारेने इंटरनेट माडीवर न्यायचं आणि तिथं दुसरं वायफाय चालू करायचं. प्रश्न एवढाच उरतो की तार कुठली?

ही काळी वायर आली कुठून

तिचं नाव कोएक्सिअल केबल. मधोमध एक तांब्याची किंवा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची तार, तिच्याभोवती पांढरं प्लास्टिक, त्यावर पन्नी आणि जाळी, आणि सगळ्यात वर काळं आवरण. आतली तार आणि बाहेरची जाळी यांचा मध्यबिंदू एकच, म्हणून तिला कोएक्सिअल म्हणतात. इंग्लंडच्या ऑलिव्हर हेविसाइडने १८८० साली या रचनेचं पेटंट घेतलं होतं. बाहेरची जाळी आतल्या सिग्नलला कवचासारखी सांभाळते, म्हणून बाहेरचा गोंगाट आत येत नाही आणि आतलं फारसं बाहेर सांडत नाही.

एक गंमत सांगतो. ज्याला आपण लॅन म्हणतो, ते इथरनेट १९७३ साली झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत जन्मलं, तेच मुळी कोएक्सिअल तारेवर. आजची निळी-करडी लॅन केबल नंतर आली. त्यामुळे कोएक्सवरून कॉम्प्युटर जोडणं हा काही जुगाड नाही.

आपल्या घरात ही वायर आणली केबल टीव्हीने. नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली केबलवाले आले, १९९५ मध्ये त्यांच्यासाठी कायदा झाला. मग डिजिटलचं फर्मान निघालं. तिसऱ्या टप्प्यात उरलेली सगळी शहरं आली, त्यांची मुदत ३१ डिसेंबर २०१५. खेडी चौथ्या टप्प्यात, त्यांची मुदत ३१ मार्च २०१७. म्हणजे हिंगोली, वसमत, कळमनुरीत आधी सेट टॉप बॉक्स आले आणि गावांत नंतर. तोवर अनेकांनी केबल सोडून गच्चीवर छत्री लावली होती. पुढे डेटा स्वस्त झाला आणि पोरं टीव्हीसमोरून उठून मोबाइलवर गेली. वायर मात्र कुणी काढली नाही. ती भिंतीत तशीच आहे, आणि रिकामी आहे.

एका तारेतून नेट कसं चालतं

या पद्धतीचं नाव ‘मोका’. मल्टिमीडिया ओव्हर कोएक्स अलायन्स नावाचा कंपन्यांचा गट २००४ साली स्थापन झाला, त्यांनी ठरवलेले हे नियम. दोन छोटे डबे लागतात, त्यांना अडॅप्टर म्हणतात. एक राउटरजवळ, दुसरा माडीवर. प्रत्येकाला एका बाजूला लॅनचं पोर्ट, दुसऱ्या बाजूला टीव्हीच्या वायरीची पिन. एक डबा लॅनचा डेटा रेडिओ लहरींत बदलतो आणि तारेत सोडतो, दुसरा त्याचा परत डेटा करतो.

आकाशवाणी परभणी आणि आकाशवाणी नांदेड एकाच हवेतून येतात, तरी एकमेकांत मिसळत नाहीत, कारण दोघांची फ्रीक्वेन्सी वेगळी. तारेतही तसंच. केबल टीव्ही साधारण ८६२ मेगाहर्ट्झपर्यंतची जागा वापरतो. मोका त्याच्या वर, साधारण ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झमध्ये बोलतो. म्हणून केबल टीव्ही आणि इंटरनेट एकाच तारेत सुखाने नांदतात.

तारेवर दोनपेक्षा जास्त डबेही लावता येतात, कमाल १६. मग सगळे एकदम बोलले तर? तसं होत नाही. त्यातला एक डबा आपोआप सभापती होतो आणि प्रत्येकाला बोलायची वेळ वाटून देतो. ग्रामसभेत असा सभापती मिळाला तर काय बहार येईल!

वेगाचं म्हणाल तर मोका २.० ची आवृत्ती साधारण ४०० एमबीपीएस देते, तिचाच दुहेरी प्रकार एक गिगाबिटपर्यंत जातो, आणि मोका २.५ कागदावर अडीच गिगाबिट. डब्याचं लॅन पोर्ट एक गिगाबिटचं असेल तर एकच मिळणार, हे लक्षात ठेवा. वाटेत लागणारा उशीर काही मिलिसेकंदांचा असतो. व्हिडिओ कॉल किंवा गेमिंगमध्ये तो जाणवत नाही.

आता ती अट: छत्री

इथं थांबून नीट ऐका, कारण आपल्या जिल्ह्यात बऱ्याच घरांवर छत्री आहे.

छत्रीच्या तोंडाशी जो छोटा डबा असतो, एलएनबी, तो आकाशातून आलेला सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये उतरवून वायरीत सोडतो. मोकाची जागा कुठली होती? ११२५ ते १६७५. म्हणजे छत्रीच्या बरोबर पोटात. दोघे एका तारेत घातले तर टीव्हीही जाईल आणि नेटही चालणार नाही. पैसे देऊन घेतलेली डीटीएच असो की दूरदर्शनची फ्री डिश, नियम तोच.

दुसरं कारण आणखी महत्त्वाचं. सेट टॉप बॉक्स त्याच वायरीतून वर एलएनबीला वीज पाठवतो, १३ किंवा १८ व्होल्ट. ती वीज मोकाच्या डब्यात शिरली तर डबा खराब होऊ शकतो.

अमेरिकेत ‘डायरेक्टटीव्ही’ कंपनीने हीच अडचण ओळखून स्वतःसाठी सॅटेलाइटच्या खालची, ५०० मेगाहर्ट्झच्या आसपासची जागा वापरणारा वेगळा प्रकार आणला. पण ऑनलाइन दुकानात आपल्याला दिसतात ते डबे बहुतेक वरच्या पट्ट्याचे. परदेशी व्हिडिओ बघून ऑर्डर देणारे इथंच फसतात, कारण त्या व्हिडिओतल्या घरात केबल टीव्ही असतो, छत्री नसते.

मग आपल्यासाठी तीन परिस्थिती होतात.

एक, छत्री चालू आहे, पण केबलच्या काळातली जुनी वायर वेगळी आहे. सरळ ती जुनी वायर वापरा. छत्रीच्या वायरीला हात लावू नका.

दोन, छत्री बंद आहे, रिचार्ज कधीच सोडलंय. ही तर चांगली संधी. छत्रीची वायर गच्चीवरून निघून बहुतेक वेळा माडीच्या खिडकीजवळून खाली बैठकीत येते. माडीच्या खोलीजवळ ती कापायची, खालच्या तुकड्याला पिन बसवायची. झाली तुमची खाली-वर लाइन. गच्चीकडचा तुकडा मात्र कायमचा सुटा ठेवायचा.

तीन, छत्री चालू आहे आणि वायर एकच आहे. मग मोकाचा विचार सोडा. पर्याय पुढे सांगतो.

एक रुपया खर्च करायच्या आधी

पहिली तपासणी मोबाइलने. राउटरच्या शेजारी उभं राहून स्पीड टेस्ट घ्या. मग माडीवर जाऊन घ्या. खालीच वेग कमी असेल तर दोष लाइनचा आहे, तो कंपनीकडून दुरुस्त करून घ्या. खाली ९० आणि वर ६ असं असेल, तरच आजची चर्चा तुमच्यासाठी.

दुसरी तपासणी वायरीची. आवरणावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं, आरजी-६ किंवा आरजी-५९. आरजी-६ जाड आणि चांगली. आरजी-५९ पातळ, तिच्यात सिग्नल जास्त गळतो, पण घरातल्या अंतरासाठी तीही बहुतेक चालून जाते.

तिसरी, ही दोन टोकं खरंच एकाच वायरीची आहेत का? वायर दोन्हीकडून सगळ्यापासून सुटी करा. एका टोकाला मधली तार आणि बाहेरची पिन यांच्यात चॉकलेटची चांदी दाबून बसवा. दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर बीपवर ठेवून तार आणि पिनला लावा. बीप वाजला तर वायर सलग आहे. मग चांदी काढून परत बघा, आता बीप वाजायला नको. वाजला तर आत कुठंतरी तार आणि जाळी चिकटली आहे. गल्लीतल्या वायरमनकडे मल्टिमीटर असतोच, पाच मिनिटांचं काम आहे.

चौथी, मधले जोड. वायर कुठं पिळून, टेप गुंडाळून जोडलेली असेल तर तो जोड कापून दोन पिना आणि मधे जॉइंटर लावा. टीव्ही अशा जोडावर चालतो, पण मोका वरच्या फ्रीक्वेन्सीत बोलतो, तिथं कच्चा जोड लगेच नडतो. स्प्लिटर असेल तर त्यावरचे आकडे वाचा. ‘५-१०००’ लिहिलं असेल तर तो मोकाच्या कामाचा नाही. शिवाय दोन वाटांचा कोणताही स्प्लिटर प्रत्येक वाटेला निम्मीच ताकद देतो. गरज नसेल तर काढूनच टाका. वाटेत केबलवाल्याचा ॲम्प्लिफायर असेल तर तोही मोकाला अडवतो.

जोडणी

१. राउटरच्या लॅन पोर्टमधून छोटी लॅन केबल पहिल्या अडॅप्टरला.

२. अडॅप्टरच्या पिनला कोएक्स वायर. पिन हाताने घट्ट फिरवा. मधली तार सरळ आणि किंचित बाहेर आलेली हवी, जाळीचा एकही केस तिला चिकटलेला नको.

३. माडीवर वायरीचं दुसरं टोक दुसऱ्या अडॅप्टरला.

४. दोन्हींना वीज द्या. कोएक्सचा दिवा स्थिर झाला की दोघांची ओळख झाली.

५. दुसऱ्या अडॅप्टरच्या लॅनमधून थेट लॅपटॉप, किंवा एक जुना राउटर.

जुना राउटर वापरणार असाल तर त्याला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाका. तो मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी बंद करा, पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा द्या, आणि केबल त्याच्या वॅन नाही तर लॅन पोर्टात घाला. वायफायचं नाव आणि पासवर्ड खालच्यासारखाच ठेवला तर मोबाइल जिना चढताना बहुतेक स्वतःच बदली करतो. २.४ च्या पट्ट्यात खाली चॅनल १ असेल तर वर ६ किंवा ११ ठेवा.

शेजाऱ्याकडे नेट जाऊ नये म्हणून

तुमची वायर दोन खोल्यांपुरती सुटी असेल तर हा प्रश्नच नाही. पण केबल टीव्ही चालू असेल, तर तीच तार पुढे खांबावर आणि तिथून शेजारी जाते. मोकाचा सिग्नलही तिकडे जाऊ शकतो. म्हणून घरात वायर शिरते तिथं एक छोटा फिल्टर लावतात. तो टीव्हीला आत येऊ देतो आणि मोकाला बाहेर जाऊ देत नाही. शिवाय अडॅप्टरमध्ये पासवर्डची सोय असते, दोन्ही डब्यांना एकच पासवर्ड टाकून ती चालू करा. आणि केबलवाल्याला एकदा सांगून ठेवा, म्हणजे पुढच्या दुरुस्तीत तो फिल्टर काढून फेकणार नाही.

लाइट आणि वीज

लाइट गेली की फक्त राउटर इन्व्हर्टरवर ठेवून भागणार नाही. राउटर, दोन्ही अडॅप्टर आणि वरचा ॲक्सेस पॉइंट, चारही चालू हवेत. माडीवरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का, ते आधी बघा.

दुसरी गोष्ट आकाशातल्या विजेची. मराठवाड्यात मे-जूनच्या वळवाच्या पावसात विजा किती पडतात, ते तुम्हाला सांगायला नको. गच्चीवर किंवा खांबावर गेलेली धातूची तार ही त्या विजेला घरात यायची वाट. म्हणून छत्रीचा तुकडा सुटा ठेवा म्हटलं. बाहेरून येणारी केबल असेल तर ढग दिसले की आधीच पिन काढून ठेवा. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र वायरीला हात लावू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांचा इशारा देतं, ते मोबाइलमध्ये असू द्या.

पैशाचा हिशेब

आता मनापासून सांगतो. मोकाचे अडॅप्टर आपल्याकडे गल्लीतल्या दुकानात मिळत नाहीत. ऑनलाइन मोजके, बाहेरून आलेले आणि महाग. बिघडला तर वॉरंटी कुणाकडे मागायची, हाही प्रश्न. म्हणून मी हा क्रम सुचवतो.

सगळ्यात आधी, डबा हलवता येतो का बघा. फायबरचा डबा टीव्हीजवळच हवा असा कुठला नियम नाही. जिन्याजवळ, उंचावर आणला तर कधी कधी तेवढ्यानेच काम होतं.

नंतर, नवी कॅट-६ लॅन केबल टाकता येते का बघा. जिन्याच्या कडेने, खिडकीतून, बाहेरच्या भिंतीने. शंभर मीटरपर्यंत ती एक गिगाबिट देते आणि मोकापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. आणि भिंतीत पाइप असेल, त्यातून जुनी कोएक्स सैल हलत असेल, तर तिचा उत्तम उपयोग दोरीसारखा. एका टोकाला कॅट-६ बांधा आणि दुसरीकडून ओढा. जुनी बाहेर, नवी आत.

वायर प्लास्टरमध्ये पक्की बसलीय, घर भाड्याचं आहे, मालक एक खिळा ठोकू देत नाही. तर मग मोकाची खरी वेळ आली. त्यातही आधी सीसीटीव्हीवाल्याकडे चौकशी करा. जुन्या कोएक्सवरून आयपी कॅमेरे चालवायला जोडीने डबे मिळतात. ते मोका नाहीत, त्यांचं लॅन पोर्ट बहुतेक १०० एमबीपीएसचं असतं आणि हातात त्याहून कमी मिळतं. पण अभ्यास आणि व्हिडिओ कॉलला तेवढं पुरतं. दुकानदाराला म्हणा, घरी लावून दाखव, चाललं तर घेतो.

आणि छत्री चालू, वायर एकच, लॅन केबललाही वाट नाही, अशी कोंडी असेल तर मेश वायफाय. त्याचा दुसरा डबा माडीवर ठेवू नका, जिन्याच्या वळणावर ठेवा. कारण जिथं सिग्नल मुळात पोचतच नाही, तिथं ठेवलेला डबा पुढे वाटणार काय?

थोडक्यात, ऑनलाइन दुकान उघडायच्या आधी गच्चीवर जा, तुमची वायर कुठून कुठं जाते ते डोळ्यांनी बघा, तिच्यावरची अक्षरं वाचा आणि मोबाइलमध्ये दोन्ही टोकांचे फोटो काढा. फोटो असले की वायरमनशी बोलणं सोपं जातं आणि कुणी उगाच काही गळ्यात मारत नाही.

वायरीवर काय छापलंय ते वाचून समजत नसेल तर फोटोसकट व्हॉइस मेसेज पाठवा, निवडक प्रश्न पुढच्या भागात घेऊ. पुढचा विषय आहे राउटरसाठीचे छोटे यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर नेट किती तास टिकतं याचा हिशेब. तोवर अभ्यास करा, आणि माडीवर एकटा बसणारा मित्र असेल तर त्याला ही लिंक पाठवा. भेटूच.